पोत्यामागे दोन रुपये

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे त्यांखाली गाडली गेली. त्या आपत्तीनंतर लातूरमध्येच नव्हे, तर शेजारच्या नांदेडमध्येही सिमेंटच्या घराविषयीचा विश्वास दृढ झाला. पोत्याचा भाव सर्वांनाच ठाऊक असतो. ते पोते ज्या भट्टीतून निघते, तिच्या धुराचा भाव मात्र सहसा कोणी विचारत नाही.

सिमेंटला चुनखडी लागते, आणि मराठवाड्याचा पाया काळ्या खडकाचा. म्हणून मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या त्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्गुस-गडचांदूरकडे आणि सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यात वाडी-शेडमकडे. भट्टीतील माल सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापला, तरच क्लिंकर तयार होते. त्यासाठी ज्योतीचे तापमान २००० अंशांच्या आसपास न्यावे लागते. एवढ्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो. म्हणजे इंधन कितीही निर्मळ असले, तरी नायट्रोजन ऑक्साइडे निर्माण होणारच. ती श्वसनमार्गाला इजा करतात, उन्हात ओझोन घडवतात आणि आम्लयुक्त पावसाला हातभार लावतात. २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित ठरलेल्या ४३ औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर होते, हेही विसरून चालणार नाही.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये सिमेंट उद्योगासाठी नवी मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. त्यानुसार २५ ऑगस्ट २०१४ नंतरच्या भट्ट्यांना दर घनमीटर वायूमागे ६०० मिलिग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. जुन्या भट्ट्यांना त्यांच्या रचनेप्रमाणे ८०० किंवा १००० मिलिग्रॅमची सवलत मिळाली. युरोपात आधुनिक भट्ट्यांकडून २०० ते ४५० मिलिग्रॅमची अपेक्षा केली जाते.

ही दरी बुजवायला खर्च किती? ज्योतीची रचना सुधारणे आणि इंधन टप्प्याटप्प्याने जाळणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. परंतु त्याला मर्यादा आहेत. उत्प्रेरकाचा मार्ग सर्वांत प्रभावी, पण भांडवलाच्या दृष्टीने तितकाच महाग. मधला मार्ग म्हणजे ९०० ते १००० अंशांच्या वायूत अमोनिया किंवा युरियाचे द्रावण फवारणे. १००० मिलिग्रॅमवरून ६०० वर यायचे, तर एक टन क्लिंकरमागे सुमारे ०.९ किलो ऑक्साइडे कमी करावी लागतील. रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्यास ०.६ किलो युरिया पुरे. निम्मा वाया जातो असे धरले, तर १.२ किलो. औद्योगिक युरियाचा भाव किलोस ४० रुपये मानला, तर हा खर्च ४८ रुपये होतो. सिमेंटमध्ये क्लिंकर दोन तृतीयांश धरले, तर ५० किलोच्या पोत्यावर पडतो तो सुमारे दीड रुपया. यंत्रसामग्री व देखभाल धरून फार तर दोन. चारशे पोत्यांच्या घरावर आठशे रुपयांचा हा बोजा आहे.

तथापि हिशेब एवढ्यावर संपत नाही. फवारणी बेताची नसेल, तर अमोनियाच धुराड्यातून बाहेर पडतो आणि एका दोषाच्या जागी दुसरा उभा राहतो. शिवाय शेतीसाठी अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते. तो कारखान्याकडे वळवणे कायद्याने निषिद्ध आहे. खरिपात एका गोणीसाठी रांगेत उभे राहणाऱ्या नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला या पळवाटेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. धूर शुद्ध करण्याच्या नावाखाली त्याच्या शेताचे खत पळवले जाऊ नये, यावर कठोर देखरेख हवी.

भट्टीचा खर्च आज कोणीच देत नाही, असे मात्र नाही. घुग्गुस-गडचांदूरचे नागरिक तो श्वासातून आणि औषधाच्या बिलातून देतच आहेत. फक्त तो पावतीवर दिसत नाही. सुरक्षित छपराचे मोल मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून जाणले आहे. त्या छपरासाठी दुसऱ्या कोणी धूर गिळू नये, म्हणून पोत्यामागे दोन रुपये अधिक पडले, तर ते महाग म्हणता येणार नाहीत. मात्र ते भट्टीवरच खर्च झाले, याचा पुरावा धुराड्यावरील मापनयंत्रांच्या आकड्यांतून सर्वांसमोर आला पाहिजे.