रोमन अंकांतील एकोणचाळीस
लॅटिन शिलालेखांतील सन बहुधा रोमन अंकांत असतो; वाचनांत चूक झाली कीं कालनिर्णयच ढासळतो. आय्, व्ही, एक्स्, एल्, सी, डी, एम् हीं अनुक्रमें १, ५, १०, ५०, १००, ५००, १००० यांचीं चिन्हें होत. समान वा लहान चिन्ह उजवीकडे आल्यास मिळवावें. लहान डावीकडे आल्यास वजा करावें. संस्कृताप्रमाणें लॅटिनमध्येंही ३९ म्हणजे ‘एक उणे चाळीस’. म्हणून अभ्यासक आय्-एक्स्-एल् लिहूं पाहतो. रूढ नियमानें तें अशुद्ध होय. कारण आय् हें व्ही व एक्स् यांतूनच वजा होतें. यास्तव वसईविजयाचा सन १७३९ हा एम्-डी-सी-सी-एक्स्-एक्स्-एक्स्-आय्-एक्स् असा लिहावा. मात्र प्राचीन लेखांत ९ साठीं व्हीपुढें चार आय् आढळल्यास ती कोरणाऱ्याची चूक समजूं नये.