पेट्रोलची नळी

वार्षिकांकाची नोटीस लागली तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. ‘जे तुला खरोखर ठाऊक आहे त्यावर लिही,’ असे मराठीच्या सरांनी सांगितले आणि मी अडचणीत सापडलो. मला खरोखर ठाऊक आहे ते अण्णांचे गॅरेज. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नाही. अण्णा सातवीतून गॅरेजात गेले, ते आजतागायत तिथेच आहेत. तेव्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पेट्रोलच्या नळीवर लिहिले म्हणून कोणी हसू नये. हसायचेच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून हसावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या एका निवृत्त गुरुजींची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, पण खेड्यापाड्यांतून हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी अजून निघतात. गुरुजी म्हणाले, “मिस्त्री, चढावर गाडी अडखळते. सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा वास येतो. पण गाडी चालू करून खाली वाकून बघितलं तर थेंब दिसत नाही.”

यात गूढ काही नाही. पद्मिनीचे इंजिन पुढे आणि टाकी मागे. दोहोंच्या मध्ये गाडीच्या पोटाखालून एक लोखंडी नळी जाते. इंजिनाला बसवलेला पंप फिरत्या दांड्याच्या धक्क्याने चालतो. त्यातला पातळ पडदा खालीवर होतो आणि मागून पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत नळीत ओढ असते आणि पंपाच्या पुढे दाब असतो. शहाळ्यात घातलेल्या नळीला वर टाचणीएवढे भोक पडले, तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसेच इथे. इंजिन चालू असताना भोकातून हवा आत शिरते आणि चढावर, जेव्हा पेट्रोल जास्त लागते, तेव्हा इंजिन उपाशी राहते. गाडी उभी केली की ओढ थांबते, टाकीतले पेट्रोल वरून दाब देते आणि रात्रभर थेंब पडतात. पंपाच्या पुढची गळती याच्या उलट वागते. तिथे चालत्या गाडीत, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडते. ती गळती घेऊन एक मैलही जाऊ नये.

(जुने ड्रायव्हर घाटात पंपावर ओले फडके टाकत, तो रोग निराळा. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. फडक्याने वाफ निवते, भोक बुजत नाही.)

अण्णांनी पहिले काम केले ते म्हणजे गाडी खड्ड्यावर न घेता बाहेर अंगणात ढकलली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते. शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते, मग आपल्या दुपारचे काय सांगावे! हवेत शंभरात दीड-दोन भाग वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त घातकी. इंजिन निवू दिले, बॅटरीची ऋण तार सोडवली, बल्ब लावलेली वायर दूर ठेवली, वाळूची बादली जवळ घेतली. मग चाकांना दगड लावून मागची बाजू जॅकने उचलली आणि खाली घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अण्णा कोणाला जाऊ देत नाहीत.

“आरं, आदी पुसून घे. वल्या नळीत भोक कसं घावंल?” अण्णा म्हणाले. सगळी नळी फडक्याने कोरडी केली. मागच्या चाकाजवळ, जिथे क्लिप नळीला अंगाशी धरते, तिथे चिखल बसून राहिला होता. क्लिप काढली तर खाली गंजाचा फोड आणि त्याच्या मधोमध बारीक ओल. नळी बहुधा अशाच जागी जाते, कारण तिथला ओलावा सुकत नाही.

अण्णा एवढ्यावर थांबले नाहीत. पुढे जाऊन त्यांनी पंपाला जोडणारी रबरी नळी बोटांनी दाबली. इंजिन हलते आणि गाडीचे अंग स्थिर असते, म्हणून तिथे लोखंड चालत नाही, हातभर रबर लागते. ती नळी फुगून मऊ झाली होती. भिजलेल्या पावासारखी. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.

ती नळी वर्षापूर्वी मी आणली होती आणि मीच बसवली होती. दुकानात काळी नळी दिसली, मीटरमागे पैसे कमी होते, घेतली. ती पाण्याची होती. पेट्रोलच्या नळीवर ‘एस.ए.ई. ३०आर७’ किंवा ‘३०आर९’ असे छापलेले असते. दुसऱ्या प्रकारच्या नळीचे आतले अस्तर सहसा फ्लोरिनयुक्त रबराचे असते. इंग्रजीत छापलेले वाचण्याइतका शिकलेला गॅरेजात मी एकटाच, आणि मीच वाचले नव्हते.

त्यात आता पेट्रोलही पूर्वीचे नाही. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. आमच्या भागातल्या उसाच्या मळीपासूनही ते होते, म्हणून त्याला नावे ठेवायला जीभ रेटत नाही. पण पद्मिनी बनली तेव्हा तिच्या रबरापुढे हे द्रव्य नव्हते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, शिवाय पाणी शोषून घेते आणि ते पाणी लोखंडाला आतून गंजवते.

पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढायचे होते. आजवर अण्णा नळी तोंडात धरून ओढत. घोटभर पेट्रोल पोटात गेले तर ढेकरा येतात, पण खोकल्यासरशी थेंब फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. हे मी वाचले होते आणि दोनदा सांगूनही झाले होते. या वेळी शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेला हातपंप मी पुढे केला. “ह्ये खेळणं कशाला?” म्हणत त्यांनी तो घेतला.

गंजलेला तुकडा कापायला करवत वापरली नाही. तिचा कीस नळीत पडून पुढे कार्बोरेटरचे जेट बुजवतो. चाकाच्या कटरने कापले आणि आतली धार घासून काढली. तिथेच गॅसने डाग देणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. अण्णा त्यांना नमस्कार करतात. साबण दाबून बसवला तर तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण तो गावापर्यंत पोहोचण्याचा उपाय. तांब्याची नळी हाताने वळते म्हणून सोपी, मात्र हादऱ्यांनी ती कडक होऊन चिरते. आम्ही पोलादी नळी घेतली, जुनीवर धरून वळणे बेतली आणि हत्याराने वळवली. टोकांना कडेने उठाव काढला म्हणजे रबर निसटत नाही. जोडावर ३०आर९ ची आखूड नळी, आत दोन्ही टोके जवळजवळ भिडलेली, दोन्हीकडे गोल क्लिपा. पंपाकडची नळीही तीच. क्लिपखाली रबराची पट्टी दिली आणि एक्झॉस्टपासून चार बोटे अंतर राखले.

गुरुजी पैसे विचारू लागले तेव्हा अण्णा म्हणाले, “मागल्या नळीचं पैसं नकोत, गुरुजी. चूक आमची हाय.” ‘आमची’ हा शब्द मला सहन होईना. मी म्हणालो, “गुरुजी, नळी मी आणली होती. वरचं वाचलं नव्हतं.”

गुरुजींनी चष्मा पुसला. “कुठं छापलेलं असतं?” त्यांनी विचारले. मी उरलेला तुकडा दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून अक्षर न् अक्षर वाचला आणि खिशात टाकला.

त्या रात्री गाडी आमच्याच अंगणात राहिली. टाकी पूर्ण भरली आणि गाडीखाली वर्तमानपत्र पसरले. पहाटे अण्णांच्या आधी उठून मी बॅटरी घेऊन पाहायला गेलो. कागद कोरडा होता. फक्त एका कोपऱ्यावर मांजराच्या पायांचे ठसे होते.