एचटीटीपीएस टेस्ट करायचंय? सर्टिफिकेट फुकटात मिळतं!

दिवाळीच्या सुट्टीत झरी जामणीला घरी होतो. लॅपटॉपवर सर्व्हर, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. साईट फोनमध्ये उघडली, पण कॅमेरा आणि लोकेशन चालेना. कारण फोनचा ब्राउझर या गोष्टी फक्त एचटीटीपीएस साईटलाच देतो. म्हणजे सर्टिफिकेट हवं.

ते फुकट देते लेट्स एन्क्रिप्ट. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही अमेरिकेतली ना-नफा संस्था ही सेवा चालवते; डिसेंबर २०१५ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे. अट एकच: डोमेन तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध करा. डोमेन विकत घ्यायचं नसेल तर डकडीएनएसचं फुकट सबडोमेनही चालतं.

मी कुठे अडकलो?

सर्टबॉट हे टूल मी नेहमीच्या पद्धतीने चालवलं. त्यात लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून तुमच्या सर्व्हरच्या पोर्ट ८० वर येऊन एक फाईल तपासतं. पण मोबाईल डेटावर एकच पब्लिक आयपी बहुतेक वेळा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून लॅपटॉपपर्यंत पोहोचताच येत नाही. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि तासाला ५ चुकांची मर्यादा गाठून ब्लॉक झालो!

मग काय केलं?

१. डीएनएस पद्धत निवडली. सर्टबॉटने दिलेला कोड डोमेनच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये टाकायचा. सर्व्हर बाहेरून दिसायची गरजच नाही.

२. आधी स्टेजिंगवर, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टच्या सरावाच्या सर्व्हरवर, सगळं करून पाहिलं. तिथे मर्यादा खूप सैल असतात. तिथल्या सर्टिफिकेटवर ब्राउझर विश्वास ठेवत नाही, पण सेटिंग बरोबर आहे का ते कळतं.

३. मग खरं सर्टिफिकेट घेतलं आणि डोमेनच्या ए रेकॉर्डमध्ये लॅपटॉपचा लोकल आयपी टाकला. फोनमध्ये साईट उघडली, कॅमेरा सुरू!

सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. टीएक्सटी रेकॉर्ड हाताने टाकला असेल तर नूतनीकरणही हातानेच करावं लागेल. आणि प्रायव्हेट की चुकूनही गिटहबवर टाकू नका.

शेवटी एक महत्त्वाचं. मला जे फुकटात, काही मिनिटांत मिळालं, ते फसवणूक करणाऱ्यालाही मिळतं. एचटीटीपीएस म्हणजे मधल्या कुणाला तुमचा डेटा वाचता येत नाही, एवढंच. समोरचा माणूस प्रामाणिक आहे, असं त्यातून ठरत नाही. म्हणून ओटीपी टाकण्याआधी डोमेनचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.