वसुलीवाल्याला पत्र लिहिताना



दोन वर्षांपूर्वी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची मावशी माझ्याकडे आली. मायक्रोफायनान्स कंपनीकडून घेतलेल्या गटाच्या कर्जाचे हप्ते थकले होते. दिवाळीनंतर सगळे घर वीटभट्टीवर गेले, हप्ता भरायला मागे कोणी उरले नाही. पावसाळ्याआधी घरी परतल्यावर वसुलीवाला रोज दारात उभा. 32,000 रुपये बाकी आहेत, असे तो सांगे.

"ताई, मुदत मागायचं तेवढं एक पत्र लिहून दे," मावशी म्हणाली. मी बसल्या बैठकीला लिहिले, "माझ्याकडे 32,000 रुपये बाकी आहेत हे मला मान्य आहे. कृपया सहा महिन्यांची मुदत द्यावी." मावशीने अंगठा उठवला.

आठ दिवसांनी तिच्या माहेरच्या पत्र्याच्या पेटीत कर्जाचे कार्ड सापडले. भरलेल्या प्रत्येक हप्त्यासमोर सही होती. हिशेब केला, तर बाकी 18,500 रुपये निघाली. पण कंपनीच्या हातात आमचेच पत्र होते. "तुम्हीच लिहून दिलंय ना?" हे मी पुढे चार महिने ऐकले. अखेर कार्डावरून हिशेब दुरुस्त झाला. पण त्या चार महिन्यांचा मावशीचा घोर माझ्या घाईमुळे वाढला. म्हणून हा लेख.

लेखी कबुलीला कायद्यात वजन आहे. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी कर्जदाराने देणे लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. मुदत संपल्यावरही "फेडीन" असे सहीनिशी लिहून दिले, तर त्या वचनावर दावा लावता येतो. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अंगठा सहीसारखाच धरला जातो.

याचा अर्थ कर्ज बुडवावे असा नाही. घेतलेले फेडायचेच. मात्र खरोखर बाकी असेल तेवढेच कबूल करायचे. त्यासाठी एवढे सांभाळा :

1. आधी हिशेब मागा. मायक्रोफायनान्स कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे आणि त्यावर भरलेल्या हप्त्यांची पोच देणे, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कंपनीचे काम आहे.
2. हिशेब पटेपर्यंत पत्रात बाकीचा आकडा आणि "मान्य आहे" हे शब्द लिहू नका.
3. पाळता येणार नाही अशी तारीख देऊ नका.
4. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. मूळ कागद कोणाच्या हाती नाही, फक्त झेरॉक्स.
5. शिवीगाळ, धमकी झाली असेल तर तारीख, वेळ आणि बोललेले शब्द लिहा. आपला राग पत्रात नको.
6. पत्र कंपनीच्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. हातोहात दिले तर आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या.
7. अंगठा घेण्याआधी पत्र त्या माणसाच्या बोलीत वाचून दाखवा. ही सूचना पहिल्यांदा माझ्यासाठीच आहे.

पत्र एवढेच पुरते :

"माझ्या कर्ज खात्याबाबत (क्रमांक …) आपण रकमेची मागणी केली आहे. ही रक्कम मी तपासलेली नाही व या पत्राने ती मान्य करत नाही. मूळ कर्ज, व्याज, दंड व भरलेले हप्ते यांचा लेखी हिशेब द्यावा. पुढील बोलणे लेखी करावे."

वसुलीचेही नियम आहेत. मायक्रोफायनान्स कर्जाची वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी व्हायला हवी. लागोपाठ दोन वेळा कर्जदार तिथे आला नाही, तरच घरी येता येते. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन किंवा भेट चालत नाही. नातेवाइकांना त्रास देणे, धमकावणे यालाही मनाई आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. गावचा सावकार असेल तर त्याचा परवाना पाहा. परवाना नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करा.

कोर्टाची नोटीस आली, तर मात्र स्वतः उत्तर लिहीत बसू नका. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. तारीख चुकवू नका.

मावशीने बाकी रक्कम हप्त्याने फेडली. कर्ज फिटल्याचा लेखी दाखलाही मागून घेतला. तो आता कार्डाबरोबर त्याच पेटीत आहे, आणि पेटी माहेराहून तिच्या घरी आली आहे. तुमच्या पाड्यावर कोणी सहीसाठी कागद घेऊन आले, तर एक दिवसाची सवड मागा आणि वाचता येणाऱ्या माणसाला तो दाखवा.