जो अडला, त्यानेच लिहावं

काटोलहून रोज रेल्वेने किंवा एसटीने नागपूरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना ओपन सोर्स हा शब्द नवा नाही. लिनक्स, पायथॉन, लिब्रेऑफिस, नकाशांसाठी क्यूजीआयएस ही सगळी नावं त्यांच्या ओळखीची आहेत. पण ‘तुम्हीही यात भर घालू शकता’ असं सुचवलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘आम्हाला एवढं कोडिंग कुठं येतं?’

हा पहिला आणि सगळ्यांत नुकसान करणारा गैरसमज. कोडइतकीच गरज असते ती सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं आणि अडलं तर काय करायचं हे सांगणाऱ्या मजकुराची, म्हणजे डॉक्युमेंटेशनची. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाने 2017 मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची मोठी पाहणी केली. अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन आपल्याला आढळतं, असं त्यात 93 टक्के लोकांनी सांगितलं. आणि योगदान देणाऱ्यांपैकी 60 टक्के लोक म्हणाले की आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही. त्रास सगळ्यांना होतो आणि काम पडून राहतं, ते असं.

हे काम नवख्या माणसाला जास्त चांगलं जमतं, असं माझं ठाम मत आहे. एक साधी अडचण घ्या. मार्गदर्शिकेत लिहिलेलं असतं, ‘आज्ञेपुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्या.’ आपल्याकडे विंडोजवर खात्याला अनेकदा नाव, मग मोकळी जागा, मग आडनाव असं नाव दिलेलं असतं. ती मोकळी जागा फाइलच्या पत्त्यातही उतरली, की आज्ञा तिथेच तुटते आणि ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते! मार्गदर्शिका लिहिणारा वर्षानुवर्षं लिनक्सवर काम करतो, खात्याचं नाव एकाच शब्दाचं ठेवतो. त्याला ही ठेच कधी लागलेलीच नसते. त्यावरचा उपाय म्हणजे एक वाक्य: ‘पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत लिहा.’ हे वाक्य लिहायला प्रोग्रामर लागत नाही. जो तिथे अर्धा तास अडकला होता तो लागतो, आणि तोही लवकर लागतो, कारण एकदा सवय झाली की आपण कुठे अडलो होतो हेच माणूस विसरून जातो.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने ही गोष्ट कामाच्या पद्धतीतच बसवली. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथॉन, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार होतात. पाठाची संहिता आधी लिहून काढतात आणि रेकॉर्डिंगच्या आधी ती त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. त्याला एकट्याने, कुणाला न विचारता पाठात सांगितलेलं सगळं करता आलं पाहिजे. नवखेपणाला तिथे तपासनिसाचा मान आहे.

दुसरा अडसर म्हणजे गिटची, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची, भीती. काळी खिडकी, त्यातल्या आज्ञा, चुकलं तर सगळं बिघडेल ही धास्ती. छोट्या दुरुस्तीसाठी यातलं काही लागत नाही. गिटहबवरच्या मजकुराच्या फाइलवर पेन्सिलचं चिन्ह असतं. खातं उघडून त्यावर क्लिक केलं की गिटहब प्रकल्पाची एक प्रत तुमच्या खात्यात करून देतं. तुम्ही वाक्य सुधारायचं, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवायची. मूळ मजकूर मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, मान्य करेपर्यंत जसाच्या तसा राहतो, त्यामुळे तुमच्या हातून काही मोडण्याची शक्यता नाही. सगळीकडे इतकं सोपं नाही, हेही सांगायला हवं. पायथॉनमध्ये योगदान स्वीकारण्याआधी एका करारावर ऑनलाइन सही करावी लागते आणि लिनक्स कर्नलमध्ये आजही बदल ईमेलने पाठवायची पद्धत आहे. सुरुवात तिथून करू नये, इतकंच.

इंग्रजीचा न्यूनगंड तर आपल्याकडे घरोघरी. त्याच 2017 च्या पाहणीत ओपन सोर्समधल्या जवळपास 25 टक्के लोकांनी आपलं इंग्रजी लिहिणं-वाचणं ‘फार चांगलं’ नसल्याचं सांगितलं होतं. व्याकरणाची चूक मेंटेनर दोन मिनिटांत दुरुस्त करतो. गाळलेली पायरी मात्र त्याला दिसतच नाही. शिवाय मराठीतही काम आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि वर्डप्रेस मराठीत वापरता येतात, ते कुणीतरी बसून शब्द न् शब्द मराठीत आणला म्हणून. स्पोकन ट्युटोरियलचे पाठही मराठीत ऐकायला मिळतात. त्यात आवाज मराठी असतो आणि पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीच ठेवतात, म्हणजे पुढे नोकरीत तेच बटण समोर आलं तर विद्यार्थी गोंधळत नाही. एमएस-सीआयटी झालेली, मराठी नीट लिहिणारी मुलगी हे काम काटोलमध्ये बसून करू शकते.

आता उलट्या बाजूचा गैरसमज, आणि याबद्दल आपण गंभीर व्हायला हवं. ‘डॉक्युमेंटेशन सोपं आहे, मग काहीही पाठवा.’ 2020 च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळत होता. त्यासाठी कितीतरी जणांनी अनोळखी प्रकल्पांच्या रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या, फाइलमध्ये एखाद-दुसरा निरर्थक शब्द घालून पाठवला. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: प्रकल्पाने स्वतः संमती दिली असेल तरच योगदान मोजायचं. 2024 मध्ये एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर असाच लोंढा आला. शिकवणीचा व्हिडिओ पाहून मुलं रीडमीत आपलं नाव घालून पाठवत होती. दोन्ही वेळा पाठवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. त्याची किंमत पुढच्या प्रामाणिक मुलाला मोजावी लागते. त्याची चांगली दुरुस्तीसुद्धा संशयाने पाहिली जाते. कारण नसताना पुल रिक्वेस्ट पाठवणं हे योगदान नव्हे, हे कॉलेजांनी पहिल्याच तासाला सांगावं.

या कामाला किंमत नाही, असंही ऐकू येतं. कोडच्या इतिहासात तुमचं नाव नोंदलं जातं तसंच मजकुराच्या इतिहासातही नोंदलं जातं. गूगलने 2019 पासून ‘सीझन ऑफ डॉक्स’ चालवून अशा लेखनासाठी पैसेही दिले.

उंबरठा कमी करण्याची जबाबदारी नवख्यापेक्षा प्रकल्पावर जास्त आहे. नागपूरच्या कॉलेजातली मुलं स्वतःचे प्रकल्प गिटहबवर टाकतात, तेव्हा त्यांना एवढं करता येईल: प्रत्येक पानावर ‘हे पान सुधारा’ असा दुवा द्यावा. डाउनलोड किती एमबीचं आहे ते आधीच लिहावं, कारण मोबाइलच्या डेटावर इंस्टॉल करणाऱ्याला ते आधी कळायला हवं. आलेल्या दुरुस्तीला आठवडाभरात उत्तर द्यावं, नकार असेल तर कारणासकट. आणि रीडमी प्रसिद्ध करण्याआधी ती कोऱ्या संगणकावर, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या ज्युनिअरच्या हातात द्यावी, शेजारी बसून एक शब्दही सांगू नये आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे खूण करत जावं.