विद्यार्थी-शिक्षक लेखन संमेलन : हेतू आणि पद्धती

साहित्य संमेलन हा शब्द आपल्या जिल्ह्यास नवा नाही. ठाणे नगरीत 1960, 1988 आणि 2010 या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. डोंबिवलीत 3 ते 5 फेब्रुवारी 2017 या दिवसांत डॉ. अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली नव्वदावे संमेलन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे. अशा भूमीतील प्राथमिक शाळांनी लेखनाचे लहानसे संमेलन भरवावे, हे स्वाभाविकच होय. परंतु ते कशासाठी व कसे भरवावे, याचा विचार अगोदर व्हावयास हवा.

या परंपरेच्या आरंभीची एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिले ग्रंथकार संमेलन 1878 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास भरले. पुढे 1885 साली निमंत्रण आले असता महात्मा जोतीराव फुले यांनी ते नाकारले. ज्या सभांत कष्टकरी बहुजनांच्या सुखदुःखाला स्थान नाही, त्यांत आपण मिसळणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. हा प्रश्न आपल्या वर्गालाही लागू पडतो. संमेलनात कोण बोलतो आणि कोण केवळ ऐकत बसतो?

आपल्या वर्गात वारली, कातकरी, आगरी, कोळी अशा घरांतील मुले असतात. त्यांच्या घरची बोली पुस्तकातील भाषेहून वेगळी असते. ‘मी फुलपाखरू झालो तर’ या विषयावर अशी मुले फळ्यावरचेच उतरवून घेतात. पण भातशेतीपूर्वी राब कसा भाजतात, हे लिहावयास सांगितले, तर शहापूर-मुरबाडकडील मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. पालापाचोळा कोठून आणला, तो कसा पसरला, वारा फिरला तेव्हा वडिलांनी काय केले, हे सारे त्याने स्वतः पाहिलेले असते. डोंबिवलीच्या मुलाने सकाळच्या लोकलची गर्दी अशीच पाहिलेली असते. पाहिलेले लिहिणे, हाच लेखनाचा पहिला धडा होय.

आता पद्धतीविषयी. संमेलनापूर्वी महिनाभर प्रत्येक मुलाने एक लेख लिहावा व त्याच विषयावर शिक्षकानेही लिहावे. शिक्षकाने आपला मजकूर खाडाखोडीसह वाचून दाखवावा, म्हणजे लेखन एका दमात उतरत नाही, हे मुलांस कळते. संमेलनाच्या दिवशी व्यासपीठावरून पाच मुलांनी वाचले, तर चाळीसांपैकी पस्तीस मुले केवळ श्रोते राहतात. त्याऐवजी आठ-आठ मुलांचे पाच गट करून प्रत्येकास आठ मिनिटे दिली, तर सुमारे तासाभरात चाळीसही मुलांचे वाचन होते. प्रत्येक गटात शक्यतो दुसऱ्या शाळेतील शिक्षक बसवावा. ऐकणाऱ्यांनी प्रथम काय आवडले ते सांगावे व नंतर एकच प्रश्न विचारावा. दुपारी मुलांनी त्या प्रश्नाच्या आधारे लेख पुन्हा लिहावा.

शुद्धलेखनाची उपेक्षा करावी, असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र त्याची पाळी शेवटची. पहिल्याच खर्ड्यावर लाल शाईचा वर्षाव झाला, की मूल चुकू नये म्हणून कमी लिहू लागते. बोलीतील शब्द तर खोडूच नये. त्याशेजारी प्रमाण मराठीतील शब्द लिहून दोन्ही ठेवावेत. मुलाजवळ एकाऐवजी दोन शब्द होतात, ही भरच होय.

शेवटी सर्वांचे लेख एका हस्तलिखितात बांधून शाळेच्या ग्रंथपेटीत ठेवावेत. निवडक तेवढेच घेण्याचा मोह टाळावा. आपला लेख दुसऱ्या वर्गातील मूल वाचते, हे पाहण्याचा आनंद पारितोषिकाहून मोठा असतो.

संमेलन यशस्वी झाले, हे कशावरून ओळखावे? मंडपाच्या शोभेवरून नव्हे, पाहुण्यांच्या भाषणावरूनही नव्हे. एरवी शेवटच्या ओळीत मुकाट बसणाऱ्या मुलाने त्या दिवशी काय वाचले आणि पुढील आठवड्यात आपणहून काही लिहिले काय, एवढे प्रत्येक शिक्षकाने पाहावे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर संमेलन सार्थकी लागले असे खुशाल समजावे.