मूल नको, मूल हवे: त्याच संप्रेरकांच्या दोन वाटा

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून रक्तात उतरणारी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके स्त्री आणि पुरुष दोघांच्याही प्रजननाचा कारभार चालवतात. गर्भनिरोधक गोळी या दोघांना थोपवून धरते, तर वंध्यत्वावर दिली जाणारी इंजेक्शने त्यांचाच पुरवठा वाढवतात. कुटुंब नियोजनाचे केंद्र आणि टेस्ट ट्यूब बेबीचे रुग्णालय या दोन ठिकाणी जाणारी जोडपी वेगळी असली, तरी तिथे वापरले जाणारे शरीरशास्त्र एकच आहे. बंगळुरू शहरात या शास्त्रावर दोन्ही अंगांनी महत्त्वाचे काम झाले. त्याची ओळख मराठी वाचकांना फारशी नाही.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि संपूर्ण आयुष्यात जेमतेम चारशे पक्व होऊन बाहेर पडतात. प्रत्येक बीज एका पुटकात वाढते. पाळीच्या सुरुवातीला एफएसएचची पातळी थोडी चढते आणि अनेक पुटके एकदम वाढू लागतात. वाढणारी पुटके इस्ट्रोजेन सोडतात आणि ते पीयूषिकेला एफएसएच कमी करण्याचा निरोप देते. पुरवठा आटू लागला की बाकीची पुटके सुकतात. सर्वांत पुढे गेलेले एक मात्र थोड्या एफएसएचवरही तगून राहते. पुढे इस्ट्रोजेन पुरेसे साठले की एलएचची मोठी लाट येते आणि सुमारे 36 तासांत बीज पुटकातून बाहेर पडते. दर महिन्याला बहुधा एकच बीज का, याचे उत्तर या चढउतारात आहे.

पुरुषात हीच दोन संप्रेरके वेगळी कामे करतात. एलएचच्या सांगण्यावरून वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते, आणि शुक्राणूंचे पोषण करणाऱ्या पेशींना एफएसएच कामाला लावते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि हे काम रात्रंदिवस चालू असते. महिन्याला एक बीज अडवणे आणि दररोज तयार होणारे कोट्यवधी शुक्राणू अडवणे यांतला फरक लक्षात घेतला, की पुरुषांसाठीची गोळी अजून दुकानात का नाही याचे निम्मे कारण समजते. उरलेले निम्मे कारण सामाजिक आहे.

स्त्रीच्या गोळीतील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन पीयूषिकेला जणू बीज आधीच वाढले आहे असे भासवतात. एफएसएच चढत नाही, एलएचची लाट येत नाही आणि बीज सुटत नाही. सरकारी कार्यक्रमातले 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शनही मुख्यतः असेच काम करते. 'छाया' ही आठवड्याची गोळी मात्र वेगळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या या औषधात स्टेरॉइड संप्रेरक नाही. गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा जो परिणाम व्हायचा, त्यात ते अडथळा आणते. तांबी तर संप्रेरकांच्या वाटेला जातच नाही. तिच्यातून सुटणारे तांबे शुक्राणूंना निकामी करते, आणि ती काढली की स्त्री लगेच गरोदर राहू शकते.

साधने इतकी असूनही वापर मात्र एकांगी आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीवर विसंबलेल्या जोडप्यांचे प्रमाण 0.3 टक्के होते. कर्नाटकात तर निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांचे 'मुले बंद होण्याचे ऑपरेशन' झालेले आढळले. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, तिच्यासाठी पोट उघडावे लागत नाही, आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यात धोका कमी असतो. तरीही हे आकडे असे आहेत, आणि ते बदलायला हवेत.

संततिनियमनाचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. त्यानंतर नऊच वर्षांनी, 1930 मध्ये, म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याचा आदेश काढला. मुंबईत एका माणसाने पदरमोड करून चालवलेले काम म्हैसूरमध्ये राज्यकर्त्यांनी आपले मानले. सरकारने अशी केंद्रे उघडल्याचे हे जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे.

एकेकाळी याच संस्थानात असलेल्या बंगळुरूमधील भारतीय विज्ञान संस्थेत पुढे एन. आर. मौद्गल यांनी पुरुषाच्या गर्भनिरोधावर आयुष्यातली बरीच वर्षे खर्च केली. त्यांची मूळ कल्पना अशी होती: एखाद्या संप्रेरकाचे काम नेमके काय हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावीत, ती शरीरात सोडावीत आणि काय बिघडते ते पाहावे. एफएसएच आणि एलएच रेणूंच्या रचनेत इतके जवळचे आहेत, की एकाला बाजूला सारून दुसऱ्याचे काम तपासणे त्या काळी फार अवघड होते. प्रतिपिंडांनी ते शक्य केले. मौद्गल यांच्या प्रयोगशाळेत बॉनेट माकडांची वसाहत होती. दक्षिण भारतात आणि महाराष्ट्रात मंदिरांच्या आसपास नेहमी दिसणारी हीच माकडे. त्यांचे प्रजनन माणसाच्या प्रजननाशी बरेच जुळते, म्हणून उंदरांपेक्षा त्यांच्यावरचे निष्कर्ष अधिक भरवशाचे ठरतात.

यातून पुढची पायरी साहजिक होती. एलएच अडवले तर टेस्टोस्टेरॉन घटते, आणि त्याबरोबर लैंगिक इच्छा व स्नायूंची ताकदही. ते कोणालाही नको असते. पण फक्त एफएसएच अडवले तर? टेस्टोस्टेरॉन शाबूत राहील आणि शुक्राणूंची निर्मिती मात्र मंदावेल. मौद्गल यांच्या गटाने मेंढीच्या पीयूषिकेतून शुद्ध केलेले एफएसएच नर माकडांना लस म्हणून टोचले. माकडांच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांनी त्यांचे स्वतःचे एफएसएचही पकडले. शुक्राणूंची संख्या घटली, उरलेल्यांची प्रत घसरली, आणि माद्यांशी संबंध येऊनही गर्भ राहीनासा झाला. टेस्टोस्टेरॉनला धक्का लागला नाही. त्यानंतर मोजक्या पुरुष स्वयंसेवकांवर प्राथमिक चाचणी झाली. तिचा अहवाल 1997 मध्ये प्रसिद्ध झाला: प्रतिपिंडे तयार झाली होती आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी घसरली नव्हती.

त्याच वर्षी जगात इतरत्र दोन निष्कर्ष बाहेर आले आणि त्यांनी या वाटेवर मोठे प्रश्नचिन्ह उभे केले. अमेरिकेत एफएसएच अजिबात तयार न करणारे उंदीर जनुकीय बदलाने निर्माण केले गेले. त्यांतल्या माद्या वांझ निघाल्या. नरांचे वृषण लहान होते, पण त्यांना पिल्ले झाली. फिनलंडमध्ये ज्यांच्या शरीराला जन्मतः एफएसएच ओळखताच येत नव्हते असे पाच पुरुष सापडले. सगळ्यांच्याच वीर्यात काही ना काही दोष होता, तरी त्यांतले दोघे बाप झाले होते. म्हणजे स्त्रीच्या बाबतीत एफएसएचला पर्याय नाही, आणि पुरुषात मात्र त्याच्यावाचून काम कमी होते पण थांबत नाही. गर्भनिरोधकाकडून खात्री हवी असते, आणि केवळ एफएसएच अडवून ती मिळेल असे या निष्कर्षांनंतर म्हणता येईना. माकडांवरचे निरीक्षण खोटे नव्हते. प्रजातीप्रजातींत फरक असतो आणि शुक्राणूंची प्रतही महत्त्वाची असते, हे त्या कामाने दाखवून दिले. लस म्हणून ही वाट पुढे गेली नाही. मात्र ही संप्रेरके पेशींवर नेमकी कुठे आणि कशी बसतात याचे संशोधन संस्थेत आर. आर. दिघे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पुढे नेले.

याच संस्थेत पी. आर. आडिगा यांनी आणखी एक वेगळी कल्पना तपासली. कोंबडीच्या अंड्यात बी-2 जीवनसत्त्व वाहून नेणारे एक प्रथिन असते. ते नसले तर पिल्लू अंड्यातच मरते. तसेच प्रथिन सस्तन प्राण्यांतही असते, हे आडिगा यांनी दाखवले आणि त्याच्याविरुद्ध लस दिली तर गर्भ टिकत नाही, हे उंदीर व माकडांत सिद्ध केले. दिल्लीत जी. पी. तलवार यांनी गर्भारपणात स्रवणाऱ्या एचसीजी संप्रेरकाविरुद्ध तयार केलेली लस स्त्रियांवरील चाचणीपर्यंत पोहोचली. 1994 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या सगळ्या लसींपुढची अडचण सारखी होती. प्रत्येकाच्या शरीरात प्रतिपिंडे सारखी तयार होत नाहीत, ती कधी ओसरतील याचा नेम नसतो, आणि मूल हवेसे वाटले की त्या दिवशी लस काढून टाकता येत नाही. स्त्रीच्या संमतीविना लसीचा वापर होईल, ही महिला संघटनांची भीतीही रास्त होती. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी लोक विसरले नव्हते.

वंध्यत्वाचे उपचार याच ज्ञानाला उलट दिशेने वापरतात. पाळीच्या सुरुवातीपासून रोज एफएसएचचे इंजेक्शन दिले, की पुरवठा आटत नाही आणि एरवी सुकून गेली असती ती पुटकेही वाढतात. दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफीत पुरेशी वाढ दिसली की एचसीजीचे इंजेक्शन देतात. तलवार यांच्या लसीचे लक्ष्य असलेले तेच एचसीजी इथे एलएचच्या लाटेची जागा घेते. सुमारे 35 तासांनी, बीजे आपोआप सुटण्याच्या आत, ती सुईने काढून घेतात. त्याआधी एलएचची लाट स्वतःहून येऊ नये म्हणून औषध द्यावे लागते. काही रुग्णालये त्यासाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन वापरतात, म्हणजे 'अंतरा'मध्ये असलेले औषध, गोळीच्या रूपात. पाळीची तारीख जुळवण्यासाठी आधी काही दिवस साधी गर्भनिरोधक गोळीही दिली जाते. या उपचारात खरा धोका अतिउत्तेजनाचा असतो: बीजांडकोश फुगतात, पोटात पाणी साचते, क्वचित जिवावर बेतते. जास्त बीजे म्हणजे जास्त यश हा समज म्हणूनच घातक आहे.

दोन्ही वाटांवर चाललेला एक शास्त्रज्ञ म्हणजे टी. सी. आनंद कुमार. दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी 1970 च्या दशकात नाकात फवारलेले प्रोजेस्टोजेन माकडांत बीज सुटणे थांबवते हे दाखवले. नाकातून औषध मेंदूभोवतीच्या द्रवात पोहोचते, म्हणून मात्रा थोडी पुरते असा त्यामागचा विचार होता. पुढे ते मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झाले. ही संस्था आणि शेजारचे केईएम रुग्णालय यांनी मिळून, इंदिरा हिंदुजा आणि आनंद कुमार यांच्या नेतृत्वाखाली, केलेल्या प्रयत्नातून 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षा जन्मली. भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. निवृत्तीनंतर आनंद कुमार यांनी बंगळुरूत वंध्यत्व उपचाराचे केंद्र चालवले.

पण हर्षाच्या जवळजवळ आठ वर्षे आधी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कोलकात्यात सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने याच तंत्राने एक मुलगी जन्माला आली होती. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी असलेल्या इंग्लंडमधल्या लुईस ब्राउनच्या जन्माला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन बीजे वाढवली, योनिमार्गातून ती काढली आणि गर्भ गोठवून ठेवला. या तिन्ही गोष्टी आज जगभर रूढ आहेत. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली, आणि 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली. 1997 मध्ये कोलकात्यात आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्याय यांची मूळ टिपणे आली. ती तपासून त्यांनी बंगळुरूहून निघणाऱ्या 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहिला आणि पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे असे जाहीर केले. तो मान तोवर आनंद कुमार यांच्या स्वतःच्या गटाकडे होता. पुरावा समोर आल्यावर आपल्या नावावरचे श्रेय असे सोडणे विज्ञानाच्या इतिहासात विरळा आढळते.

आज या उपचारांना 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याची चौकट आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असावे लागते. बीजदान करणारी स्त्री 23 ते 35 वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे घेऊ नयेत, असे बंधन आहे. अतिउत्तेजनाचा धोका पाहता ही मर्यादा दात्या स्त्रीच्या बाजूची आहे.

जगात सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा अंदाज आहे. अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातही काही दोष सापडतो. तरीही अनेक घरांत सुनेच्या सगळ्या तपासण्या उरकेपर्यंत मुलाची साधी वीर्यतपासणी होत नाही. व्यायामशाळेत पिळदार शरीरासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तर हे माहीतच नसते, की बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन पीयूषिकेचे एफएसएच आणि एलएच दोन्ही बंद पाडते. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात याच गुणधर्मावर पुरुषी गर्भनिरोधकाच्या चाचण्या घेतल्या होत्या, आणि बहुतेक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ उरले नव्हते. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. तेवढे थांबायला वेळ नसेल, तर डॉक्टर एचसीजी आणि गरजेनुसार एफएसएच देऊन वृषणाला पुन्हा कामाला लावतात.